गॅरेजमधले पाहुणे

“मोजे!” गॅरेजमधून आरोळी आली.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादरीची घडी टाकून इस्त्री हातात धरून उभाच होतो. दोन्ही मोज्यांवरून शेवटचा हात फिरवला, ते लोकरीच्या टोपीत गुंडाळले आणि मागच्या दारानं धूम ठोकली. घर ते गॅरेज अंतर अकरा पावलांचं. पण सकाळी सहाला, अंगणातल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असताना, अकरा पावलांत मोजे निम्मे गार होतात. म्हणून पळायचं. छपन्नाव्या वर्षी मी इतक्या जोरात कशापायी पळेन असं कुणी विचारलं असतं, तर मी शंभर कारणं सांगितली असती. बायकोचे मोजे त्यात नसते.

“गरम आहेत ना?”

“हात लावून बघ.”

“अहो, पायात घालायचेत, हात काय लावू?” ही एका पायावर डुलत मोजा चढवत म्हणाली. मग डोळे मिटून तिनं असा काही सुस्कारा सोडला की मला क्षणभर त्या मोज्यांचा हेवा वाटला. “चला! पाहुण्यांना उचलू या.”

पाहुणे म्हणजे आमचा बाहुला. जाड कॅनव्हासचा, पुरुषभर उंचीचा, वजन सत्तर किलो. तो मी शिवला होता. मी शिंपी आहे. कोट, पँट, कधीमधी लग्नाचा सूट. बत्तीस वर्षं माणसांची मापं घेतोय, त्यामुळे पाहुण्यांचे खांदे अगदी बेताचे आणि सुबक आले होते. आत पाच-पाच किलोच्या वाळूच्या चौदा पिशव्या. प्रत्येक पिशवी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर जोखून, तोंड शिवून, मगच आत कोंबली होती. कामात कसूर नाही.

ही ॲम्ब्युलन्सवर आहे. बावीस वर्षं स्ट्रेचर उचलते. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्या कचेरीतून पत्र आलं, की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ताकदीची परीक्षा होणार. सत्तर किलोचा बाहुला स्ट्रेचरवर घालायचा, जोडीदाराबरोबर तीन मजले चढवायचा, तीन मजले उतरवायचा. चार मिनिटांत. मध्ये कुठेही खाली टेकवायचा नाही. जमलं तर गाडीवर, नाही जमलं तर टेलिफोनच्या खोलीत, आलेले फोन घ्यायला. हिनं ते पत्र जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे टाकलं.

“चोपन्न वर्षांची आहे म्हणून मला जोखणार म्हणे!”

“जोखू देत की,” मी म्हणालो. “टेलिफोनची खोली काही वाईट नाही. गरम असते. चाकाची खुर्ची असते.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटात तोंड घातलं.

आता खरं सांगायचं तर मला ती चाकाची खुर्ची मनापासून हवी होती. आदल्या हिवाळ्यात एका इमारतीच्या गोठलेल्या पायरीवर हिचा पाय सटकला. स्ट्रेचर सोडून दिलं असतं तर कठडा धरता आला असता. हिनं सोडलं नाही. रोग्याला ओरखडाही आला नाही आणि हिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे मी तिची वेणी घालत होतो. तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की माझी सुई कापडातच थांबते. गिऱ्हाइकाचा असला तरी थांबते.

पण हिनं मनावर घेतलं की घेतलं. परीक्षेला नऊ आठवडे होते. गाडी विकल्यापासून आमचं गॅरेज रिकामं होतं. चार पत्र्याच्या भिंती, पत्र्याचंच छप्पर आणि एक बल्ब. तिथे हिनं व्यायामशाळा काढली. मी कॅनव्हास आणि दोन लोखंडी नळ्यांचं स्ट्रेचर करून दिलं. त्याचं एक टोक भिंतीतल्या कड्यांना दोरीनं टांगलेलं, दुसरं हिच्या हातात. समोर एक लाकडी खोका. पाहुण्यांना उचलून खोक्यावर चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं. मजल्याला वीस पायऱ्या, तीन मजल्यांच्या साठ. साठ वेळा खोका चढली की परीक्षेपुरती बाई तयार, असा तिचा हिशेब.

पहिल्या दिवशी ती तेरावर थांबली. पाहुण्यांमुळे नाही, थंडीमुळे. नळीला हात लावला की हात चिकटायचा. हातमोजे घातले की नळी सटकायची. ही पहिल्या आठवड्यात जाड कोट घालूनच व्यायाम करायची, घामानं निथळायची, मग खोक्यावर बसून दम खायची आणि पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागायचे. रविवारपर्यंत खोकला झाला. मला वाटलं, संपलं प्रकरण.

“मला गरम ठेवा,” ती नाक पुसत म्हणाली. “वजन मी बघते. तेवढं गरम ठेवायचं तुम्ही बघा.”

हे ती कुणाला म्हणाली? शिंप्याला! बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय? माझ्या अंगात वारंच शिरलं. नको असलेल्या कामात माणूस इतका कसा रंगतो ते मला आजही कळलेलं नाही.

सगळ्यात आधी मी नियम केला, की गॅरेजमध्ये अंग तापवायचं नाही, तापवून जायचं. ही स्वयंपाकघरातच उठाबशा काढायची, खुर्ची धरून पाय झाडायची, आणि कपबशा फळीवर नाचायच्या. मग अंगावर पाच पातळ थर. जाड एकही नाही. दर दहा पायऱ्यांनी एक थर उतरवायचा, म्हणजे घाम यायच्या आधीच. दम खायला दीड मिनिट, त्याहून एक सेकंद जास्त नाही, आणि त्या दीड मिनिटात मी खास शिवलेला कापसाचा झगा तिच्या खांद्यांवर पडलाच पाहिजे. झगा निळा होता, लाल काठाचा. तो टाकताना मी मागून धावत यायचो आणि मला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटायचं. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले कपडे, जुने पडदे, फाटक्या रजया जोडून मी गॅरेजमध्ये आडवा पडदा टाकला, म्हणजे तापवायला निम्मीच जागा उरली. पायाखाली पुठ्ठे आणि सतरंजी. नळ्यांच्या मुठींवरून इस्त्री फिरवायची. कपड्याची इस्त्री लोखंडावर घासताना शिंप्याच्या जिवाचं काय होतं ते विचारू नका.

पण माझी खरी करामत म्हणजे किटली. दुकानात लोकरी कोट दाबायला वाफेची मोठी किटली आहे, बादलीएवढी. ती मी घरी आणली. व्यायामाच्या आधी अर्धा तास पडद्याआड सुरू करायची. सहा वाजता ही आत शिरली की ढगात शिरल्यासारखी दिसेनाशी व्हायची.

“अहो, कुठे आहात?” ढगातून आवाज यायचा.

“इथेच! चढ!”

आणि ती चढायची. वीस. चोवीस. तिसऱ्या आठवड्यात एकतीस. चौथ्यात चव्वेचाळीस! त्या दिवशी तिच्या गाडीचा ड्रायव्हर तिला घ्यायला आला होता. त्याला सगळे भोंग्या म्हणतात, कारण गाडीचा भोंगा बिघडला तरी त्याचं अडत नाही. त्यानं पडदा बाजूला करून आत डोकं घातलं आणि केवढ्यानं तरी ओरडला, “वहिनी, ही काय लॉन्ड्री आहे का व्यायामशाळा?”

“दार लाव! गरम हवा जातेय!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

चव्वेचाळीस. अजून पाच आठवडे हातात. हिच्या चालण्यात फरक पडला होता. मी दुकानात बसून कागदावर पायऱ्यांचे आकडे मांडायचो आणि स्वतःलाच विचारायचो, की शहाण्या, तुला ती जिंकायला हवीय का हरायला?

आणि मग आकडे उतरायला लागले. एकेचाळीस. अडतीस. सातवा आठवडा उजाडला तेव्हा छत्तीस. खाणंपिणं तेच, झोप तीच. पाहुण्यांना खाली टेकवून ती आपल्या हातांकडे बघत राहायची.

“हातांत बळच नाही हो उरलेलं.”

“थकली असशील.”

“थकले नाही. म्हातारी झाले,” ती म्हणाली. बावीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्याच दुपारी पाहुण्यांच्या कुशीची शिवण उसवलेली दिसली. ही कामावर गेली होती. मी सुई-दोरा घेऊन गॅरेजमध्ये बसलो, कुशीतून हात घालून एक पिशवी बाहेर काढली. हाताला गारढोण लागली. ओली. मी वर पाहिलं. छपराच्या पत्र्यावर किटलीची वाफ निवून थेंब धरले होते, आणि ते एकेक करून पत्र्याच्या उतारावरून घरंगळत नेमके पाहुण्यांच्या पोटावर पडत होते. पाच आठवडे पडत होते. वरचं कापड सुकायचं आणि वाळू पाणी पिऊन बसायची.

पिशवी घेऊन मी अकरा पावलं पळालो. काट्यावर ठेवली. पाच किलो नऊशे. दुसरी आणली, तिसरी आणली. दहावीस ग्रॅम इकडेतिकडे, तेवढंच. चौदा पिशव्यांचे ब्याऐंशी किलोच्या वर होत होते. बायकोला गरम ठेवता ठेवता मी पाहुण्यांना बारा किलो खाऊ घातले होते!

मी मोठ्यानं हसलो. अगदी पोट धरून हसलो. ती म्हातारी झाली नव्हती, पाहुणे लठ्ठ झाले होते! ती घरी आल्याबरोबर सांगायचं, तिला काट्यापुढे उभं करायचं, तिचा चेहरा बघायचा. मी पिशव्या पुन्हा आत घातल्या, शिवण घालायला बसलो. दुहेरी टाका घालत होतो. टाके घालता घालता माझं हसू गेलं.

ती छत्तिसावर थांबतेय. आणखी चार दिवस असंच थांबली तर आपणहूनच माघार घेईल. परीक्षा द्यायची नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत एका कागदावर सही करून द्यायची होती, की मी खुशीनं टेलिफोनवर जाते. गरम खोली. चाकाची खुर्ची. गोठलेल्या पायऱ्या नाहीत. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

मी दोरा दातानं तोडला आणि गप्प बसलो.

गुरुवारी संध्याकाळी तो कागद टेबलावर होता. ही चष्मा लावून त्याच्यापुढे बसली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “होईल का माझ्याच्यानं?”

समोरच्या कपाटात काटा होता. मी उठून तीन पावलं टाकली असती तरी पुरे होतं.

“तूच ठरव,” मी म्हणालो. “ती खोली गरम असते.”

“गरम असते हो. माहितीये मला.” तिनं सहीच्या रेघेवर पेन टेकवलं. नावाचं पहिलं अक्षर निम्मं काढलं आणि थांबली. “गेल्या महिन्यात दोन दिवस बसले होते मी तिथे, बदलीवर. एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. नवरा न्हाणीघरात पडलाय म्हणाली. त्याचं विव्हळणं ऐकू येत होतं मला, आणि मी विचारतेय, बाई, पत्ता नीट सांगा. घरक्रमांक सांगा. माझे पाय टेबलाखाली नुसते हलत होते. उठून जाताच येत नाही हो तिथून. मला जावं लागतं. मी जाणारी बाई आहे.”

तिनं ते निम्मं अक्षर गिरगटून टाकलं. मग कागदाच्या दोन घड्या घालून मेजाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.

“उद्या मोजे जरा जास्त तापवा,” म्हणाली.

मला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मी बोललो नाही. आता बोलायचं म्हणजे कधी कळलं तेही सांगावं लागणार होतं. गप्प बसण्याचं असंच असतं, एकदा बसलं की उठता येत नाही. मी एवढंच केलं, की किटली दुकानात परत नेली. म्हणालो, बिघडली. निदान पाहुण्यांचं वजन आणखी वाढायला नको. त्याऐवजी मी गरम पाण्याच्या सहा रबरी पिशव्या आणल्या आणि झग्याच्या अस्तरात त्यांच्यासाठी खिसे शिवले.

आणि मग जे काही सुरू झालं! एकोणचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. सत्तेचाळीस! बिनवाफेच्या त्या गारठ्यात आता तिचा चेहरा स्वच्छ दिसायचा, नाकपुड्यांतून श्वासाचे लोट निघायचे, कपाळावर शीर उभी राहायची. मी आकडे मोजायचो. आधी हळू मोजायचो, मग जरा मोठ्यानं, मग माझ्याही नकळत बेंबीच्या देठापासून. “एकावन्न! अगं एकावन्न झाले! चढ!” शेजारच्या मास्तरीणबाईंनी खिडकी उघडून विचारलं, काय झालं हो? “एकावन्न!” मी ओरडलो. त्यांनी घाबरून खिडकी लावून घेतली.

परीक्षेच्या आदल्या रविवारी बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. मी सगळी तयारी केली. मोजे दोनदा, मुठी तीनदा. पहिला थर दहाला उतरला, दुसरा विसाला. चाळीसला ती नुसत्या बनियनवर होती आणि तिच्या खांद्यांवरून वाफ निघत होती. खरीखुरी वाफ, किटलीची नाही. पन्नास. बावन्न. पंचावन्नला तिचे गुडघे लटपटले.

“ठेव!” मी ओरडलो.

“मोजा!” ती ओरडली.

“छप्पन्न! सत्तावन्न! अठ्ठावन्न! सोडू नको! एकोणसाठ! चढ गं माझे बाई, चढ!”

साठ! तिनं पाहुण्यांना अलगद खाली ठेवलं. आपटलं नाही. अलगद, जणू त्यांना लागेल. मग सतरंजीवर आडवी पडून ती हसायला लागली, आणि मी झगा तिच्या अंगावर टाकायचा सोडून तो हातात घेऊन गॅरेजभर नाचत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ब्याऐंशी किलो! ते फक्त मला माहीत होतं, आणि माझ्या आनंदातलं निम्मं त्या न सांगितलेल्या बारा किलोंचं होतं. ती हरावी असं मला वाटत होतं, हे मी त्या घटकेला साफ विसरलो होतो.

परीक्षा कचेरीच्या आवारात होती. नऊ जण, सगळे पन्नाशीपुढचे, उघड्यावर रांगेत उभे राहून हातांवर फुंकर मारत होते. पहिले दोघं दुसऱ्या मजल्यावरच थांबले. अंग थंड, मांड्या आखडलेल्या, कसं जमणार? ही मात्र आतल्या बोळात कपाटाला धरून उठाबशा काढत होती आणि मी जेवणाच्या थर्मासच्या डब्यातून गरम मोजे काढून देत होतो. एक साहेब गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते, त्यांनी डब्यात वाकून पाहिलं.

“हे काय आहे?”

“मोजे,” मी म्हणालो.

“नियमात नाही.”

“नियमाविरुद्धही नाही,” मागून भोंग्या म्हणाला, आणि ते अख्ख्या आवारानं ऐकलं.

शिट्टी झाली. वरच्या टोकाला कचेरीनं दिलेला एक धट्टाकट्टा गडी, खालच्या टोकाला ही. उतारावर सगळा भार खालच्यावर येतो. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभा राहून पावलांचे आवाज मोजत होतो. पहिला मजला. दुसरा. आवाज थांबेचना. उलट वरचा गडी ओरडताना ऐकू आला, “बाई, जरा हळू!” ती तीन मजले चढून, उतरून बाहेर आली, स्ट्रेचर ठेवलं आणि शिट्टीवाल्या साहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

टाळ्या, शिट्ट्या, भोंग्याचा भोंगा. साहेब म्हणाले, असं होऊ शकत नाही, बाहुल्याचं वजन पुन्हा करा. बाहुला मोठ्या काट्यावर ठेवला. काटा थरथरला आणि थांबला. सत्तर किलो दोनशे ग्रॅम.

सगळे ओरडले. ही ओरडली नाही. ती काट्याकडे बघत होती. मग तिनं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, आणि मग मान वळवून माझ्याकडे.

घरी आम्ही चालत निघालो. वाटेत तिनं विचारलं, “आपले पाहुणे किती किलोचे आहेत?”

“ब्याऐंशी.”

“कसे काय?”

मी सांगितलं. वाफ, पत्रा, थेंब, वाळू. ती खळखळून हसली. रस्त्यात उभी राहून हसली, माझा दंड धरून. “अहो, काय हे! तुम्ही आणि तुमची ती किटली!” मलाही हसू आलं. हसता हसता तिनं विचारलं, “आणि कळलं कधी तुम्हाला?”

मला खोटं बोलता आलं असतं. कालच, म्हणालो असतो तरी चाललं असतं.

“तीन आठवडे झाले,” मी म्हणालो. “गुरुवारच्या आधी.”

तिचा हात माझ्या दंडावरून निघाला.

“म्हणजे तो कागद पुढे घेऊन मी बसले होते तेव्हा...”

“हो. तेव्हा मला माहीत होतं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. होईल का, म्हणून.”

“हो.”

“मी पडावं असं वाटत होतं?”

“पडावंस असं नाही गं. थांबावंस असं वाटत होतं. मला भीती वाटते. रोज वाटते.”

तिनं मान हलवली. भीतीचं तिला नवं नव्हतं. पण पुढचा प्रश्न तिनं फार हळू विचारला. “आणि मी सही केली असती, तर तुम्ही मला आयुष्यात कधी सांगितलं असतं?”

ती पुरेसा वेळ थांबली. मग पुढे चालायला लागली, आणि आता तिची चाल मला गाठता येईना.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली नाही. मीठ दे म्हटलं की मीठ द्यायची. जाताना येते म्हणायची. पण गॅरेजमध्ये आता ती आतून कडी लावायची आणि मोजे स्वतःच तापवायची. मी स्वयंपाकघरात बसून आवाजावरून पायऱ्या मोजायचो.

नवव्या दिवशी दुपारी मी दुकानात एका कोटाला बाही टाचत होतो. माझं दुकान चार मजली इमारतीच्या तळाला आहे, जिन्याला लागून. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. धावपळ, दारं उघडल्याचे आवाज, जिन्यावर बूट. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, छातीत दुखतंय, असं कुणीतरी म्हणालं. मी टाचण्या लावलेला कोट हातात घेऊन तसाच जिन्याशी आलो. चारसहा माणसं आधीच जमली होती.

बावीस वर्षांत मी तिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. कामाला जाताना पाहिलं, कामावरून येताना पाहिलं, हात झोळीत बांधून येताना पाहिलं. आता वरच्या वळणावर आधी तिची पाठ दिसली. ती उलटी उतरत होती, पायानं मागची पायरी चाचपत. आजोबा थोराड, शंभरच्या घरातले. वर भोंग्या, आणि त्याचं तोंड चक्क बंद. सगळा भार तिच्या दोन मुठींवर होता आणि खांदे जराही हलत नव्हते. आजोबा भेदरून कठडा धरायला बघत होते.

“हात आत घ्या, आजोबा. मी धरलंय तुम्हाला,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघा. नुसतं माझ्याकडे बघा. मी सोडत नाही.”

इतका मऊ आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. आजोबांनी हात आत घेतला.

शेवटच्या वळणावर तिनं खांद्यावरून मागे पाहिलं. नजर माझ्यावरून गेली, माझ्या मागच्या माणसावरून गेली, उंबऱ्यावर गेली.

“ओ काका, बाजूला व्हा! भिंतीला लागा!”

मी भिंतीला लागलो. कोट छातीशी धरला, टाचण्या टोचल्या. स्ट्रेचर माझ्या पोटापासून वीतभर अंतरावरून गेलं. तिचा श्वास माझ्या गालाला लागला, गरम. तिनं मला ओळखलं नव्हतं. तिला त्या वेळी ओळखायला फुरसतच नव्हती.

गाडी निघाली. भोंगा कोपऱ्यापलीकडे विरला. माणसं आपापल्या कामाला पांगली, कुणीतरी जिन्याचं दार ओढून घेतलं, तरी मी अंग चोरून, पाठ भिंतीला लावून, वाट मोकळी सोडून तसाच उभा होतो.